पप्पा आणि माझी भरकटलेली पृथ्वी

माझ्या सख्ख्या बापाने मला भर सभेत हरवलं होतं.

आज पप्पांना जाऊन एक वर्ष झालं. म्हणून ते सांगतेच.

कर्वेनगरला आमच्या कॉलेजात वादविवाद होता. विषय : कम्प्युटर सूर्यमाला अचूक दाखवू शकतो का?

मी 'हो' म्हणणाऱ्या बाजूला. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या स्क्रीनवर चालू केला. मध्ये सूर्य, भोवती पृथ्वी फिरतेय, मागे निळी रेघ सोडतेय. टाळ्या.

मग प्रेक्षकांना प्रश्न विचारायला सांगितलं.

शेवटच्या रांगेतून हात वर. पप्पा!

"पहिल्या फेरीची रेघ आणि आताची रेघ एकावर एक बसत नाहीये. तुमची पृथ्वी बाहेर सरकतेय."

हो, 'तुमची'. सभेत मला अहो-जाहो.

मी म्हणाले, "सर, कम्प्युटर चुकत नाही."

"तो नाही चुकत. तुमचं पाऊल मोठं आहे. वळणावर सरळ पावलं टाकत गेलात, तर माणूस दर पावलाला थोडा बाहेरच जाणार."

सगळ्यांच्या माना स्क्रीनकडे वळल्या. रेघ खरंच जाड झाली होती.

परीक्षक मॅडमनी विचारलं, "आपण कुठे शिकवता?"

"शिकवत नाही. भोसरीला कारखान्यात लेथ मशीन चालवतो. दहावी पास."

आम्ही हरलो.

विश्रांतवाडीपर्यंत मी बसमध्ये त्यांच्यापासून लांबच्या सीटवर बसले. घरी आल्यावर मात्र फुटले. "दुसऱ्या कोणाला विचारू द्यायचं ना!"

"दुसऱ्या कोणाला दिसलं नव्हतं," पप्पा म्हणाले. "आणि मापात चूक असलेला जॉब मी कधी मशीनवरून पुढे पाठवला नाही. तुझा कसा पाठवू?"

तीन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. चौथ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

प्रोग्रॅममध्ये पावलं टाकायची पद्धतच बदलली. पृथ्वी जागेवर आली. मग चंद्र घातला, बाकीचे ग्रह घातले. पप्पा रोज फर्स्ट शिफ्टवरून आले की चहा घेत रेघा तपासायचे. "हं." एवढीच शाबासकी.

त्या वर्षी सकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. सुरू कधी होणार, ते मी माझ्या प्रोग्रॅमवरून काढलं आणि कागदावर लिहून त्यांना दिलं.

गच्चीवर पप्पा मनगटी घड्याळ काढून हातात धरून उभे. पुठ्ठ्याच्या भोकातून पडलेला सूर्याचा ठिपका खाली कागदावर.

ठिपक्याची कड कुरतडली गेली.

"मिनिटभर लेट आहे तुझा चंद्र."

"पप्पा, एक मिनिट!"

"मान्य. कम्प्युटरला जमतं." मग लगेच, "पण लाखो वर्षांनंतरचं छातीठोक सांगू नकोस. बारीक चूकसुद्धा वाढत जाते."

त्यांचं बरोबर होतं. पुढे एमएस्सीला हेच शिकले.

एवढं बोलून ते कठड्यापाशी गेले आणि शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या लोकांना जोरात ओरडून म्हणाले,

"अहो, वर नुसतं बघू नका, डोळे जातील! इकडे या. माझ्या मुलीने गणित करून आधीच सांगितलेलं ग्रहण आहे हे!"

माझ्यासमोर माझं कौतुक त्यांनी त्या एकाच दिवशी केलं.

मला आयुष्यभर पुरेल.

पप्पा, तुमची मुलगी असल्याचा फार अभिमान वाटतो.

जय भीम.