मिलादिनकाकांची चावी

पंधरा ऑक्टोबरला शहराच्या बॉयलरमधून घरं तापवायला गरम पाणी सुटलं. नेवेनाच्या बैठकीतला रेडिएटर मात्र गारच राहिला.

तिने मिलादिनकाकांनी शिकवलं होतं तसंच केलं. ‘आधी हात, मग डोकं, हत्यार शेवटी,’ असं ते म्हणायचे. कॉक पूर्ण उघडा होता. रेडिएटर वरून गार, खालून गार, शेजारचा उभा पाइपही गार. स्वयंपाकघरातला वेगळा पाइप मात्र इतका तापला होता की हात लाववत नव्हता. ती दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर गेली. तिहोमिरच्या बैठकीतही तीच गत. चौथ्यावर वुका आजी शाल गुंडाळून बसली होती. तिच्या छातीतली घरघर दारातूनच ऐकू येत होती.

म्हणजे बैठकीच्या पाइपातली हवा वर अडकली होती, म्हणून गरम पाणी चढत नव्हतं. पाचव्या मजल्यावर. काकांच्या घरात.

मिलादिनकाका छत्तीस वर्षं त्याच बॉयलरवर फिटर होते. बायको लवकर गेली, मुलगा तिकडे ऑस्ट्रियात, लिंझला राहिला. दर ऑक्टोबरला ते आपल्या रेडिएटरखाली लोणच्याची रिकामी बरणी धरायचे, पितळी चावीने हवा सोडायचे आणि पाइपवर तीनदा ठोकायचे. पाइप तापला की खालच्या प्रत्येक घराने एकदा ठोकून उत्तर द्यायचं. शेवटचं उत्तर आल्याशिवाय काका चावी खिशात टाकत नसत. लहानपणी नेवेना त्यासाठी चमचा घेऊन दुपारपासून पाइपजवळ बसून राहायची. पुढे ती पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसली तेव्हा काकांनीच तिला वर बोलावलं. “पुस्तकं झाली ना वाचून? आता ही बरणी धर.”

मे महिन्यात ते बसथांब्यावर बसले ते उठलेच नाहीत.

“चावी कुठं ठेवायचा म्हातारा?” तिहोमिरने जिन्यात विचारलं.

नेवेनाला काकांची शवपेटी आठवली. माणसाला जे लागायचं ते बरोबर द्यायचं म्हणून तिहोमिरने तिच्यात राकियाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली ठेवली होती. वुका आजीने चष्मा पुसून ठेवला होता.

“त्यांच्या खिशात आहे,” ती म्हणाली. “कोटाच्या. मीच ठेवली.”

तिहोमिर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं. “अख्खी इमारत गारठवली की! आणि स्वतः तिकडे माझी राकिया ढोसत बसलाय.” हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

“मे होता,” नेवेना म्हणाली. “ऑक्टोबर कुणाच्या डोक्यात होता?”

काकांच्या घराची किल्ली वुका आजीच्या अ‍ॅप्रनमध्ये होती. ती तिच्याकडे कशी, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिहोमिरने चावीऐवजी पक्कड दिली आणि उत्तर द्यायला तो आपल्या घरी गेला.

“पायातलं बाहेर काढ गं,” आजी म्हणाली. “चिडतो तो.”

नेवेना वर गेली. बरणी रेडिएटरखालीच होती. तिच्या तळाशी गेल्या वर्षीच्या पाण्याचा तांबूस डाग होता. हवा सोडायच्या छोट्या झडपेवरून पक्कड दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तिने पाव फेरा दिला. हवा फुसफुसत निघाली. बराच वेळ निघत राहिली. मग पाणी थुंकल्यासारखं आलं, मग सरळ धार लागली. तिने झडप बंद केली. पाइप हळूहळू तापला. तिने पकडीने तीनदा ठोकलं.

तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं. मग पहिल्यावरून. मग तळमजल्यावरून. दुसरा मजला तिचा स्वतःचा.

चौथ्यावरून काही आलं नाही.

ती अनवाणीच जिना उतरली. दार उघडं होतं. वुका आजी पाइपला तळहात लावून बसली होती. मांडीवर चमचा होता.

“आजी, तापला नाही का?”

“तापलाय.”

“मग वाजवलं का नाहीस? मी किती घाबरले.”

आजीने तिच्याकडे पाहिलं नाही.

“मी कधीच लगेच वाजवत नसे,” ती म्हणाली. “म्हणजे तो पुन्हा ठोकायचा. फक्त माझ्यासाठी.”

आजीचा हात पाइपवरून हलला नाही. मग नेवेना वर गेली, काकांच्या रेडिएटरपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने पुन्हा तीनदा ठोकलं.