घरचा कॉम्प्युटर मोबाइलात आणणारा माणूस

आमच्या शहरातल्या सिविल लाइंस भागात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या तोंडून दोन वाक्यं काढण्यापेक्षा बेतवा नदी उलटी वाहवणं सोपं. त्याची स्कूटर सुरू झाली की किल्ल्यावरची कबुतरं थेट ओरछ्याला जाऊन बसतात. घरचा कॉम्प्युटर कुठूनही मोबाइलवर उघडावा, ही सोय त्यानंच मला करून दिली.

एकदा मी मोठ नावाच्या गावी धान्याच्या मंडीत होतो आणि पुण्याहून लेकीचा फोन आला. "बाबा, प्रवेशाचा फॉर्म अर्ध्या तासात बंद होतोय आणि माझी मार्कशीट घरच्या कॉम्प्युटरवर आहे!"

मी ऐटीत मोबाइल काढला, तर पिन आठवेना. आमची ही कॉम्प्युटरला फक्त धूळ पुसायला हात लावते. शेवटी त्याला फोन केला.

"भैया, पिन बताइए, आप ही ने तो लगवाया था!"

"हम किसी का पिन नहीं रखते. आपके घर जा रहे हैं."

गिऱ्हाइकं तशीच सोडून तो आमच्याकडे पोचला आणि त्यानं एकेक बटण सांगत हिच्याकडून नवा पिन टाकून घेतला. हिनं तो मला फोनवर सांगितला. गव्हाच्या पोत्यावर बसून मी मार्कशीट पुण्याला धाडली. फॉर्म गेला! मी असा ओरडलो की मंडीतला लिलाव थांबला.

तेवढ्यात पुन्हा हिचा फोन. "अहो, मी तुम्हाला पिन सांगत होते ना, तेव्हापासून हे भैया कानांत बोटं घालून भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. हाका मारतेय, ऐकूच जात नाही!"

"आल्याचा चहा कर," मी म्हटलं, "आणि कप त्यांच्या नाकाखाली धर."