अलिबागची बघाबघ

१४ डिसेंबर, रविवार. पहाटे उठून आंबोळ्या घालत होते. माणसं पाच. मी, माझी मुलगी, वन्सं आणि त्यांच्या ओळखीचे गिरगावातले एक गृहस्थ व त्यांचा मुलगा. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काळाचौकीच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच असतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवस, तिथून एसटीनं अलिबाग, दुपारभर किनारा आणि दिवेलागणीपर्यंत घरी, असा बेत त्यांनीच आखला होता.

गिरगावातले गृहस्थ मला बघायला येत होते. हे मी सोडून बाकी चौघांना माहीत होतं. मी धरून चालले होते की ते आपल्या मुलासाठी माझी मुलगी बघतायत. त्याला कारणही होतं. मुलगी लग्नाची, त्यांचा मुलगा नोकरीला लागलेला, आणि वन्संनी सहलीच्या आदल्या रात्री मला बजावलं होतं, "बरी साडी नेस हां, वैनी." मुलीच्या आईनं नीटनेटकं दिसावं, एवढाच अर्थ मी घेतला. पन्नाशी आलेल्या बाईनं दुसरा कुठला घ्यायचा?

मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांचा मान ठेवायचा, ही पद्धत मला पटत नाही. पण वेळ आली की हात तसेच चालतात. लाँचमध्ये वाऱ्याची कडेची जागा मी त्यांना दिली. एसटीत खिडकी दिली. त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ते संकोचले, मग एकदम खूश दिसले. माणूस मोकळा आहे, सासरा म्हणून त्रास देणार नाही, असं मी मनात टिपून ठेवलं.

मग चौकशी सुरू केली. ही कामं मी लांबवत नाही. घरात खोल्या किती, पाणी कधी येतं, स्वयंपाक कोण करतं? दोन खोल्या, पाणी सकाळी, आणि बायको गेल्यापासून स्वयंपाक ते स्वतः करतात, मासे साफ करण्यापासून. मी म्हटलं, छान, म्हणजे येणाऱ्या बाईला जाच नाही. ते म्हणाले, अजिबात नाही. मी मुलीचे गुणदोष सांगायला घेतले तर ते मध्येच म्हणाले, "मुलीचं कळलं. तुमचा स्वभाव कसा आहे?"

आईवरून मुलगी पारखतायत, असं मला वाटलं. "मी तिच्याहून तापट," मी खरं ते सांगितलं. त्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली. इथे माझा पहिला गोंधळ झाला. तापट विहिणीचं कोणाला समाधान वाटतं?

अलिबागला ओहोटी होती. मुलगी आणि तो मुलगा चपला हातात घेऊन किल्ल्याच्या दिशेनं चालत गेले, चांगले हसतखिदळत. जमतंय, असं वाटलं. त्यांना मोकळेपणा मिळावा म्हणून मी गृहस्थांना म्हटलं, चला, आपण उलट्या बाजूला जाऊ. वन्सं तोंडाला पदर लावून वाळूतच बसल्या. म्हणाल्या, "जा, जा. माझे गुडघे दुखतायत." सकाळी धक्क्यावर त्याच माझ्यापुढे चालत होत्या.

सुरूच्या झाडांखाली आम्ही बसलो. मी आंबोळ्या आधी त्यांना वाढल्या आणि सरळ विचारलं, "आमच्याकडून काही हरकत नाही. तुमचं काय ते सांगा."

त्यांनी हातातली आंबोळी खाली ठेवली. "इतक्या लवकर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. माझी हरकत नाही. मुलालाही विचारलंय."

"त्याला तर विचारायलाच हवं."

"आतली खोली तुमच्या मुलीला देऊ. तिचं लग्न होईपर्यंत तिनं आईजवळच राहावं."

हे वाक्य मी मनात दोनतीनदा फिरवून बघितलं. मुलीचं लग्न होईपर्यंत मुलगी यांच्या घरी. आईजवळ. म्हणजे आई यांच्या घरी. आई म्हणजे मी. चटणी हवी का, असं विचारलं. त्यांनी घेतली.

परत येताना एसटीत मी मुद्दाम एकटीच्या जागेवर बसले. लाँचवर वन्संना गाठलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. त्या जराही वरमल्या नाहीत.

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते."

"मग?"

"लोक काय म्हणतील? तुमचे भाऊ..."

"माझा भाऊ गेला. त्याची बहीण मीच पुढाकार घेतेय म्हटल्यावर लोक कशाला बोलतील? आणि काय गं, दिवसभर त्याला खिडक्या देत होतीस, पिशव्या उचलत होतीस. मला वाटलं, तुला कळलं आणि आवडलासुद्धा."

मुलगी शेजारी बसून खाली मान घालून हसत होती. राग कोणावर काढायचा तेच मला कळेना. फसवलं सगळ्यांनी, पण होकार मी माझ्याच तोंडानं दिला होता. मला तो माणूस आवडला होता हेही खरं, पण व्याही म्हणून. व्याही म्हणून आवडलेला माणूस नवरा म्हणून कसा असेल, याचा अंदाज कसा बांधतात, कोण जाणे. घरी येऊन साडीतली वाळू झटकली तरी डोकं काही चालेना.

सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी त्यांना फोन केला. काल जे बोलले ते मुलीच्या लग्नाचं समजून बोलले, तो होकार धरू नका, असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नाही?"

"नाही असंही नाही. मी तुम्हाला बघितलेलंच नाही अजून. माझे प्रश्न वेगळे आहेत."

शनिवारी संध्याकाळी दादरला भेटायचं ठरवलं. वन्संना कळवायचं नाही, असंही त्यांना सांगून ठेवलं.