चुडी मेली

आमच्या साडभाऊंनी आजवर जगातली एकही वस्तू सैल राहू दिलेली नाही, आणि त्यामुळे त्यांच्या घरात एकही वस्तू धड राहिलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राइस मिलमधून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला शेजाऱ्यांचा पाना आणावा लागतो. कुकरच्या मुठीचा स्क्रू त्यांनी असा आवळला की मूठच दुभंगली. माझा चष्मा एकदा त्यांच्या हाती पडला, तेव्हापासून मी तो दोऱ्याने बांधून वापरतो. वर मलाच ऐकवतात, "मास्तर, कोणतीच चीज हालली नाई पायजे."

स्क्रूचे आटे झिजून तो जागच्या जागी फिरायला लागला, की आमच्या गोंदियाकडे 'चुडी मेली' म्हणतात. साडभाऊंच्या तोंडी 'मेली' हा शब्द फक्त चुडीपुरता. ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, पक्षाघात झाला. डॉक्टर समजावून सांगायला गेले, "काका, पायाची नस मेली असं समजा," तर हे फाईल काखोटीला मारून सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी पाण्यात चालवायला सांगितलं. फुलचूरच्या बाजूला साडभाऊंच्या दोस्ताचं लग्नाचं लॉन आहे आणि त्यात एक लहानसा पोहायचा टँक. टँकचं पाणी गाळणाऱ्या पंपाची देखभाल साडभाऊंनी करायची आणि रोज सकाळी ताईंनी तिथे चालायचं, असं ठरलं. दिवाळीपर्यंत ताई कठडा न धरता सात पावलं टाकू लागल्या. जमिनीवर एकही नाही, पण पाण्यात सात! साडभाऊ ही बातमी पानठेल्यावर अनोळखी माणसांनाही थांबवून सांगत.

मग एके दिवशी त्यांना पंपाच्या मोटरची वायर सैल वाटली. वायर जिथे जोडतात त्या टर्मिनलचा स्क्रू त्यांनी आवळला, आणखी आवळला, आणि चुडी मेली. मोटर नुसती गुरगुरायची आणि वीज जायची. मी म्हटलं, भाऊ, टर्मिनलची पट्टीच नवीन आणू. तर म्हणाले, "कायले? चुडी मेली हाये, मोटर नाई मेली." त्यांनी भोकात तांब्याचे तंतू कोंबले. मोटर दोन दिवस चालली आणि टर्मिनल जळालं. मग जाडा स्क्रू ठोकून बसवला, तर पट्टीच तडकली. मी रोज शाळेत जाण्याआधी तिथे डोकं धरून बसायचो. पाणी हिरवं झालं, कडेने शेवाळ धरलं, बेडकांनी संसार थाटला, आणि ताई घरी खुर्चीत बसून होत्या. शेवटी माझा तोल गेला. "भाऊ, तुमी मोटर सुधरवून राहिले का ताईले कायमचं बसवून राहिले?"

बोललो आणि जीभ चावली. दुसऱ्या दिवशी साडभाऊ नागपूरला जाऊन पट्टी घेऊन आले. मेन स्विच बंद केला, वायरी जागच्या जागी लावल्या आणि पेचकस माझ्या हातात दिला. "तुमी आवळा, मास्तर. माह्या हातावर भरोसा नाई." खडूपलीकडे काही न धरलेल्या हाताने मी ते तीन स्क्रू आवळले. मला फार वाईट वाटलं.

आठवड्याने पाणी निवळलं. ताईंना उतरवलं. दोन पावलं झाली आणि तिसऱ्याला त्यांनी कठडा धरला. कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले साडभाऊ म्हणाले, "माह्यामुळंच झालं." ताईंची जीभ अजून जड आहे. त्या सावकाश म्हणाल्या, "दोन त झाले ना. आपल्याले कुठं जायचं हाये घाईनं?" साडभाऊंनी तोंड फिरवलं आणि टँकच्याच पाण्याने चेहरा धुतला.

ती सात पावलं परत येतील का, डॉक्टरही सांगत नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझा धीर सुटला आहे. तरी मी रोज काठावर उभा राहून मोठ्याने पावलं मोजतो. काल मी "तीन" म्हणालो. खरं तर अडीचच होती, पण पाण्यातल्या दोघांपैकी कुणीच हरकत घेतली नाही.