चार भिंगांची वाटणी

"ही भिंगं म्हणजे काय पाव आहे, कापून वाटून घ्यायला?" गोटहार्टचा आवाज एवढा चढला, की स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या इर्मट्राउटचा हात जागीच थांबला. ती गोटहार्टची बायको, त्या घरात नवी नवरी होती. सासऱ्यांना पुरून आल्याचे काळे कपडे अजून धुवायचे होते.

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ मेजाशी बसले होते आणि मधे बापाची लाकडी पेटी होती. पेटीत हिरव्या मखमलीवर चार भिंगं, प्रत्येक आपापल्या पितळी कड्यात बसवलेलं. त्यांचे वडील, म्हातारे ड्योब्रिश, भात्याचा मोठा कॅमेरा घेऊन गावोगाव फोटो काढत हिंडले ते याच संचावर. यातलं कुठलंही भिंग एकटं लावलं की लांबची टेकडी जवळ यायची. दोन एकत्र बसवली, एक पुढे, एक मागे, की अंगणात उभं राहूनही आख्खं घर फोटोत मावायचं. दोन मोठी, दोन लहान, आणि प्रत्येक भिंग आपल्या जोडीदारासाठीच घासलेलं, मोठं मोठ्यासाठी, लहान लहानासाठी. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्सच्या त्या टोकाला असा संच दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि कारखान्यानंही तो करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"बाबाच म्हणायचे ना, यातलं एकेक भिंग एकट्यानं काम करतं म्हणून?" धाकटा व्हीलांड म्हणाला. "मग एक मोठं तुला, एक मोठं मला. एक लहान तुला, एक लहान मला. याहून सरळ वाटणी पाद्रीबाबासुद्धा करणार नाही."

"तू कुठे फोटो काढतोस रे? तू तर पलीकडे जाऊन मोटारी दुरुस्त करणार!"

"म्हणून मी त्यांचा मुलगा नाही का, मोठ्या?"

गोटहार्टला उत्तर सुचायचं ते दुसऱ्या दिवशी, दाढी करताना. तोवर वाटणी होऊन गेली होती. बापाचे बूट एकेक पायाचे वाटून घ्यावेत आणि वर न्याय झाला म्हणावं, असा तो प्रकार, असं इर्मट्राउटला वाटलं. पण नव्या सुनेनं बटाटे सोलावेत, म्हणून तिनं बटाटे सोलले.

व्हीलांड त्याच उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीत गेला आणि पुढे दोन्ही जर्मनींच्या मधे भिंत उभी राहिली.

गोटहार्टनं पुढे मोठं, मागे लहान लावून, लग्नांचे फोटो काढत संसार केला. तसं भागत होतं. नवरा-नवरी मधे उभे राहायचे, आणि मधलं सगळं ठीक यायचं. विजोड भिंगांचा बिघाड होता तो कडेला. तिथल्या सरळ रेघा हलकेच बाहेर वाकायच्या. लग्नात रेघा कोण बघतो? तो जाडजूड, हळू माणूस. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला की बाहेर यायचं विसरायचा. शनिवारी मात्र फोटो पाकिटात घालून, सायकलला बांधून, घरोघरी स्वतः पोचवायचा. गावात सगळे त्याला 'मायस्टर', म्हणजे उस्ताद, म्हणायचे, इर्मट्राउट सोडून.

मग त्यांच्या क्रेन्सडॉर्फ गावाच्या पोटात कोळसा आहे असं ठरलं. गाव उठणार, चर्चसकट. माणसांना शहरातल्या नव्या उंच इमारतींत खोल्या मिळणार होत्या. लोक एकेक करून गोटहार्टकडे आले. "मायस्टर, जायच्या आधी घराचा एक फोटो काढून द्या."

त्यानं काढले. नोआक आजींनी आपला फोटो हातभर लांब धरला. "हे काय हो? माझ्या घराला दिवस गेलेत का? भिंतींना पोट सुटलंय!"

सगळे हसले. गोटहार्टही हसला. घरी येऊन मात्र त्यानं उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल यांतल्या कशालाच हात लावला नाही.

"लोकांनी मधलं बघावं की," इर्मट्राउट म्हणाली. "कडेचं कशाला बघतात?"

"घर कडेलाच असतं, ट्राउटे. मधे नुसतं दार."

"मग दुसरं भिंग घे."

"एवढी मोठी फिल्म भरेल असं मिळत नाही. कोपरे काळे पडतात. आणि कोपऱ्यातच लोकांची सफरचंदाची झाडं आहेत."

त्यानं व्हीलांडला कळवलं, निदान एक तरी जोडी पुरी कर. व्हीलांडचं उत्तर लगेच आलं. सीमा ओलांडायचा परवाना मिळाला की स्वतःच घेऊन येतो. गोटहार्ट त्या दिवशी शीळ घालत होता. दारोदार जाऊन त्यानं वाकडे फोटो परत घेतले आणि सांगितलं, "थांबा. सगळ्यांची घरं पुन्हा काढून देतो. सरळ."

लोक थांबले. यंत्रं थांबली नाहीत. व्हीलांडचा परवाना अडकला, आणि तोवर वरची आळी गेली. मग तळ्याकाठची गेली. नोआक आजींचं घर पडलं तेव्हा गोटहार्ट कॅमेरा न घेता तिथे उभा होता. वाकडा फोटो पुन्हा काढणं त्याच्या जिवावर आलं होतं.

गावात चर्च तेवढं उरलं आणि गोटहार्टही शहरातल्या खोल्यांत गेला, तेव्हा व्हीलांड आला. कॉफी आणली, चॉकलेट आणलं, इर्मट्राउटला दोन मापं मोठे मोजे आणले. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेली दोन भिंगं काढून त्यानं मेजावर ठेवली. गोटहार्ट ती घेऊन खिडकीशी गेला आणि उजेडात धरून बघू लागला.

प्रत्येक भिंगात काचेचे थर डिंकानं एकावर एक चिकटवलेले असतात. तो डिंक वाळून सुटला होता. डबक्यावर तेल पसरावं तसे रंग काठापासून मध्यापर्यंत पसरले होते.

"कुठे ठेवली होतीस?"

"कुठे म्हणजे? दिवाणखान्यात, कपाटात, खिडकीसमोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबांची आठवण दिसावी म्हणून. रोज पुसायचो रे मी."

"उन्हात?"

"दुपारी तर अशी चमकायची!"

आता हा वाटणीच्या दिवशीसारखा ओरडणार, असं इर्मट्राउटला वाटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चमकत असतील," गोटहार्ट म्हणाला.

तरी दोघे भाऊ कॅमेरा घेऊन चर्चपाशी गेले. मोठी जोडी कितीतरी वर्षांनी एकत्र बसली. गोटहार्ट कापडाखाली गेला, बाहेर आला, आणि त्यानं भावाला आत जायला खूण केली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चर्च दिसत होतं, पण दुधात बुडाल्यासारखं.

"पुन्हा चिकटवता येतील ना?" व्हीलांडनं आतूनच विचारलं.

"चिकटवणारे गेले. आणि हे चर्च परवा जाणार."

"मोठ्या, मला ठाऊक नव्हतं रे."

"तुला कुठून ठाऊक असणार, धाकट्या?"

त्यानं ती जोडी उतरवली, आपली जुनी विजोड भिंगं लावली आणि फोटो काढला. वाकडा. मनोऱ्याची एक बाजू बाहेर झुकली होती. व्हीलांड गेल्यावर त्यानं पहिल्या खेपेच्या सगळ्या फिल्म काढल्या आणि घरांचे तेच जुने फोटो पुन्हा छापले. दुसरे आता निघणारच नव्हते. जेवताना तो इर्मट्राउटशी हवापाण्याचं बोलायचा आणि मधेच वाक्य सोडून द्यायचा.

एका सोमवारी सकाळी त्याचं हृदय बंद पडलं. त्याच्या आधीच्या शनिवारी मात्र तो नेहमीसारखाच निघाला. पाकिटं सायकलला बांधली, वर मेणकापड टाकलं, टोपी कानांवर ओढली. पुढचं नोआक आजींनी इर्मट्राउटला सांगितलं. नव्या इमारतीत सगळी दारं एकसारखी, तरी तो बरोबर त्यांच्या दाराशी आला.

"या खेपेला सरळ आहे का हो, मायस्टर?"

"नाही."

आजींनी फोटो घेतला. "आत या. कॉफी टाकते."

"नको. वरच्या मजल्यावरचे द्यायचेत अजून." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि कठडा धरून तो जिना चढू लागला.