मराठीत बोललो म्हणून

जेद्द्याच्या एका कॉलेजात मी समाजकार्य शिकवत होतो. समुपदेशकाचा आणि समोरच्याचा वर्ण वेगळा असला की मनातला तिरस्कार बोलण्यात कसा उतरतो, हा माझा संशोधनाचा विषय. परदेशी लोकांच्या जागी सौदी नेमायच्या सौदीकरणात माझी जागा माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका काळ्या सौदी प्राध्यापकाला मिळाली. मुलीच्या दहावीपर्यंत मला ठेवावं, अशी शिफारस तो करणार होता.

तो समोर बसलेला असताना बायकोचा फोन आला. मी मराठीत म्हणालो, "हा हबशी माझ्या खुर्चीत बसणार, आणि आपण त्याच्या पाया पडायचं!"

फोन ठेवला तसा तो म्हणाला, "हबशी आणि कुर्सी. दोन्ही शब्द आमच्या अरबीतलेच, डॉक्टर. बाकीचं तुमच्या चेहऱ्यावरून कळलं."

"आमच्याकडे तो साधा शब्द आहे."

"साधा शब्द नसतोच, असं वर्गात कोण सांगायचं?"

मी शिफारशीचं विचारलं.

"खलास. तुमच्याकडून शिकायचं राहिलेलं आज शिकलो."

घरी मी बायकोला सांगितलं, त्यानं डाव साधला. ते खोटं होतं, हे मला कळतं. तरी त्याच्यावरचा माझा राग अजून जात नाही.