तिसऱ्या गिअरचा आवाज

साल एकोणीसशे चोपन्न. मी पंचवीस वर्षांचा होतो, म्हणजे आई सांगायची त्या अंदाजानं पंचवीस. शाळा माझी निजामाच्या राजवटीतली, उर्दूची, ती दुसरीतच सुटली. मराठी अक्षर मी दुकानांच्या आणि मोटारींच्या पाट्या वाचून शिकलो, त्यामुळं माझ्या लिहिण्यात चुका निघतील. निघू द्या. लॉरी चालवण्यात मात्र मानवतच्या बाजारात माझी चूक काढणारा कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, मी ड्रायव्हर होतो. लॉरी मालकाची, लढाईच्या काळातली, लिलावात घेतलेली. तिचं चाक डाव्या अंगाला, म्हणून गिअरचा दांडा उजव्या हातानं हलवावा लागे. वालूरकडच्या गावांतून कापूस भरून आणायचा आणि जिनात खाली करायचा, हे माझं काम.

त्या लॉरीचा तिसरा गिअर टिकत नव्हता. चढावर वजन ओढायला लागली की दांडा आपोआप सुटून मधे यायचा, इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि भरलेली गाडी मागं सरकायला लागायची. मी गुडघ्यानं दांडा दाबून धरायचो. वर्षभर असा धरला. उजव्या गुडघ्याला आतून घट्टा पडला, तो अजून आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं मालकाला सांगितलं असतं. मी सांगितलं नाही. मला वाटायचं, ही गाडी फक्त मलाच चालवता येते.

आवारातल्या पत्र्याच्या शेडात एक म्हातारा मिस्त्री होता. सगळे त्याला चाचा म्हणत. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत त्याच्या घरचे सगळे हैदराबादला निघून गेले, हा गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, माझी पेटी जड हाय, कोण उचलनार. शेडाच्या मागं त्याची खोली. तिच्यात एक बाज, एक सुरई, भिंतीला टांगलेली एक शेरवानी, ती त्यानं घातलेली मी कधी पाहिली नाही. बाकी जे काही होतं ते त्या लोखंडी पेटीत. पाने, पंच, हातोड्या, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. गाडीचं काम मला त्यानंच शिकवलं. मी ते कधी कुणाला सांगत नसे. लोकांना वाटायचं मी आपला आपण शिकलो, आणि मी वाटू द्यायचो.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि मालकानं लॉरी मोडीत काढायचं बोलून दाखवलं. जालन्याहून दुसरी लॉरी आणि तिच्यासोबत तिकडचाच नवा मिस्त्री, असा त्याचा विचार. म्हणजे शेड त्या नव्या माणसाला गेलं असतं. मालक बसला होता त्या ओट्यावर चाचा आला. हमाल, तोलणारा, मी, सगळे तिथंच बसलेलो.

"मालक," तो म्हणाला, "मी गिअरबॉक्स खोलतो. नीट करतो. शिमग्याच्या आत तो पुन्हा खोलावा लागला, तर माझी पेटी उचलून मी चाललो. जबान हाय."

"शिमग्यापर्यंत," मालक म्हणाला.

लिंबाच्या फांदीला साखळी बांधून आम्ही गिअरबॉक्स खाली उतरवला. चाचानं तळाचं बूच काढून तेल परातीत घेतलं आणि त्यात लोहचुंबक फिरवलं. लोहचुंबकाला लोखंडाचा भुगा असा चिकटला, जसा काय मिशांचा झुपका. मग झाकण काढून तिसरा गिअर त्यानं मला दाखवला. त्याचे दात म्हाताऱ्या घोड्यासारखे एका बाजूनं झिजून तिरके झाले होते. शाफ्ट बोटानं हलवला तरी डुगडुगायचा, म्हणजे बेअरिंगही गेलं होतं.

"ह्ये आजकालचं न्हाई," तो म्हणाला. "गुडघा दाखव."

मी धोतर वर केलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

जालन्याच्या मोडीतून त्यानं तसल्याच एका लॉरीचा तिसरा गिअर शोधून आणला, बेअरिंगही आणलं. पण त्याला जोडून फिरणारा खालचा गिअर आपला जुनाच राहिला, तो काही मिळाला नाही. आठ दिवस चाचा त्या दोघांपाशी बसून होता. कपड्याला घालायची नीळ तेलात कालवून तो दातांना लावायचा, हातानं शाफ्ट फिरवायचा, आणि नीळ कुठं पुसली कुठं राहिली ते बघून कानस मारायचा. पुन्हा नीळ, पुन्हा फिरवणं. कुठला दात कुठल्या दाताशेजारी बसवायचा त्याची खूण म्हणून पंचानं तीन ठिपके ठोकले. शेवटी झाकणाखालचा पुठ्ठा हातोडीनं ठोकून ठोकून बरोबर मापाचा कापला आणि गिअरबॉक्स वर चढवला.

गाडी काढली. तिसरा गिअर पडला आणि राहिला. वालूरच्या चढावर मी गुडघा मोकळा सोडून दिला, दांडा जागचा हलला नाही. पण आवाज यायला लागला. तिसऱ्यात गाडी गेली की आतून असा बारीक सूर लागायचा की दोन शेतांपलीकडचं माणूस मान वर करायचं.

चाचाला मी ते सांगितलं. तो म्हणाला, "बोलू दे. नवा गिअर आन जुना गिअर, सासू-सून हायत. महिना-दीड महिना भांडतील, मग आपोआप जमंल. तू फकस्त तेलाला हात लावू नको. पंधरा दिसांनी मी बदलतो."

पण बाजारात मला त्या आवाजासोबत शिरावं लागायचं, चाचाला नाही. हमालांनी मला सोडलं नाही. लॉरी आली की एकजण कानावर हात ठेवायचा. दुसरा यायचा, पायरीवर चढून विचारायचा, "ड्रायवर, आत कोन बाळंत व्हायलंय?" तोलणारा म्हणायचा, "आरं, मांजर कोंडलंय, सोडून दे बिचारीला." वालूरच्या बाया पाण्याच्या वाटेवर हसायच्या. आता हे लिहिताना वाटतं, यात काय एवढं. तेव्हा मला जेवण जात नव्हतं.

माझं गाव वालूरच्या वाटेवरच. घरी विहिरीवर मोट होती, आणि मोटेच्या कातड्याला लावायला बाप करडीचं तेल चुलीवर घटकाच्या घटका आटवून रोगन करून ठेवायचा. काळपट, मधासारखं दाट. कातड्यात मुरलं की पाणी लागत नाही. एका दुपारी गाडी दारात उभी होती आणि कोपऱ्यात रोगनाचं मडकं दिसलं. माझ्या डोक्यात आलं, आवाज म्हणजे दाताला दात लागतो, मधे दाट काहीतरी असलं की लागणार नाही. मोटेचं कुरकुरणं रोगनानं थांबतं, हेही थांबेल. मी कुणाला विचारलं नाही. गाडीखाली शिरून निम्मं तेल काढून टाकलं आणि वरून रोगन ओतलं. बापानं विचारलं, तर म्हणलो, मला कळतं.

आवाज गेला. अगदी गेला. त्या संध्याकाळी मी लॉरी जिनात आणली, तर एकही हमाल बोलला नाही.

चाचा शेडाच्या दारात उभा होता. कान देऊन ऐकत होता. गाडी थांबल्यावर तो चालत मालकाकडं गेला. ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "सुनलं का मालक? पंधरा दिसात जमलं. मी दीड महिना म्हनलो व्हतो." मालकानं मान हलवली. चाचानं त्या दिवशी हॉटेलातून सगळ्यांसाठी चहा मागवला, मलाही दिला. मी पिलो. तेल बदलायचं म्हणून तो दुसऱ्या दिवशी आला, तर मी म्हणलो, आता कशाला हात लावता, बरं चाललंय. त्याला ते पटलं. आपल्या हाताच्या कामावर त्याचा एवढा भरवसा बसला होता की त्यानं बूच काढून पाहिलं नाही. माझ्या आयुष्यात मी लय खोटं बोललो असेन, पण तो चहा मला अजून आठवतो.

पौषात थंडी पडली. वालूरला कापूस भरून मी मुक्काम केला होता. सकाळी हँडल मारलं तर इंजिनच वळेना, क्लच दाबून धरायला एक माणूस बसवला तेव्हा कुठं सुरू झालं. गिअरचा दांडा थंड लापशीत पळी फिरवावी तसा हलायला लागला. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. गाडीखाली जाऊन मी तळाचं बूच काढलं, की रोगन पातळ करून काढून टाकता येईल. एक थेंब पडला नाही. बोट घातलं तर आत डिंकासारखं बसलेलं. बूच परत लावलं. ऊन झालं की सुटेल म्हणलो आणि भरलेली लॉरी तशीच काढली.

तीन मैलांवर चढ लागला. आधी करडीचं तेल जळाल्याचा वास आला, भज्याच्या कढईसारखा. मग खाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली. झाकणाला चीर गेली होती.

दोन बैलजोड्या लावून लॉरी मानवतला ओढत न्यावी लागली. त्याला दीड दिवस लागला. आमच्या घरात लग्नकार्यात हा भाग अजून सांगतात, आजोबांनी लॉरीला बैल जुंपले म्हणून, आणि सगळे हसतात. मीही हसतो. पुढचं कुणाला माहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झालेली. मालक शेडात येऊन उभा राहिला. चाचानं गिअरबॉक्स उतरवला. झाकण काढलं. तिसऱ्या गिअरचे चार दात तुटून आत पडले होते, बेअरिंग जळून निळं पडलं होतं. आणि सगळ्याला ते पिवळं काळं चिकट लागलेलं. चाचानं त्यात बोट घातलं, अंगठ्याशी चोळलं, नाकापाशी नेलं. मग ते बोट त्यानं फडक्याला पुसलं, हळूहळू, नखाच्या कडेपर्यंत. तो इथलाच माणूस. रोगनाचा वास त्याला न कळायला काय झालं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"तुला काय बोलायचं हाय का, बेटा?"

मालक दोन हातांवर उभा होता. मी म्हणलो, "मला काय म्हाईत. काम तुमी केलतं."

चाचा तसाच माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. एखादा पाना हातातून सुटून खड्ड्यात पडला की माणूस बघतो ना, तसा. मला वाटलं, आता तो सांगणार. खरं तर त्यानं सांगावं असंच मला वाटत होतं. त्यानं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, नाही म्हणलो असतो, आणि माझं मला बरं वाटलं असतं.

"कशानं झालं?" मालकानं विचारलं.

"गिअरबॉक्स मी बांधलाय," चाचा म्हणाला. "शिमगा आला न्हाई आजून. जबान हाय, मालक."

मालक म्हणाला, आठ दिवस राहा, सोय होईपर्यंत. चाचा नाही म्हणाला. संध्याकाळी टांगा आला. बाज त्यानं तिथंच ठेवली, सुरई वाटेत फुटेल म्हणून हमालाच्या बायकोला देऊन टाकली. शेरवानी अंगात घातली होती, ती त्याला सैल झाली होती. पेटी उचलायला मी पुढं झालो. "राहू दे," तो म्हणाला, आणि दोघा हमालांनी ती टांग्यात ठेवली. टांगा मानवत रोड स्टेशनकडं वळला. नंतर कुणीतरी म्हणालं, हैदराबादला पुतण्याच्या घरी असतो. मी कधी गेलो नाही. मी माफी मागणारा माणूस नाही, आजही नाही, आणि हे त्यासाठी लिहीत नाही.

मालकानं तार करून बोलावलेला जालन्याचा नवा मिस्त्री दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं यायचा होता. मी उजाडताच शेडात गेलो. रॉकेलचा डबा घेतला, परात घेतली आणि गिअरबॉक्समधलं रोगन खरवडून काढायला बसलो. कापसाचे बोळे, लोखंडी तार, जे हाताला लागलं ते घेऊन. थंडीत ते सुटता सुटेना. शाफ्ट धुतला, दात एकेक करून धुतले. तिसऱ्या गिअरवर पंचाचे तीन ठिपके होते, आणि दातांच्या मुळाशी थोडी थोडी नीळ राहिली होती. ती रॉकेलनं निघाली नाही. मी ती तारेच्या टोकानं काढली. मग लिंबाखाली खड्डा खणून ते सगळं घाणेरडं रॉकेल आणि बोळे त्यात ओतले, वरून माती ओढली, पायानं दाबली, आणि हात धुऊन फाटकाशी जाऊन उभा राहिलो.